सूरची अमेरिकन बीबी

"प्रकाश, हात लावू नकोस त्याला. आधी मशीन बंद कर!"

मी फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या केबिनमधून आमचे मालक सतीशभाई चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले. पलीकडे प्रकाशचं पॉलिशिंगचं मशीन घरघरत होतं. ते थांबलं, तेव्हा मी खुर्चीत बसले.

प्रकाश हा राजापूरकडचा सोनार. ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूर गावाच्या बाजारात एका दागिन्यांच्या दुकानात कारागीर आहे. मी मस्कतला, रुवीमध्ये दागिने आणि जुन्या वस्तूंचं मूल्यमापन करते. ऑफिसात मला सगळे 'व्हॅल्युअर' म्हणतात. म्हणजे तुम्ही वस्तू आणायची, मी ती तपासून खरी की खोटी आणि किती मोलाची, ते लिहून द्यायचं. विमा कंपन्यांना असा कागद लागतो, आणि वाटण्या करणाऱ्या भावांनाही लागतो. मूळची मी वसईची, ज्युडिथ तुस्कानो. आमच्याकडे लग्नात सोनं कसं घालतात ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी या धंद्यात कशी आले ते विचारावं लागत नाही.

प्रकाशने मला एक फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "मॅडम, ह्याला कुठल्या कॅरेटचा डाख देऊ?" डाख म्हणजे सोन्याला सोनं जोडायचं सोल्डर. एका बाईंनी लग्नासाठी हार दुरुस्तीला दिला होता. आपल्याकडे पुतळ्यांची माळ असते, साधारण त्याच घराण्यातला. मधल्या नाण्याची कडी सैल झाली होती. ती पक्की करून हार चकचकीत करून द्यायचा होता.

फोटो मोठा करून पाहिला आणि माझा हात थांबला. मधल्या नाण्यावर एका बाईचा चेहरा होता. डोक्यावर उंच, गुंडाळल्यासारखी टोपी. भोवती तारे. वर इंग्रजीत 'लिबर्टी'. खाली साल, १८०३.

"त्याच्यावर कानशीचे ओरखडे हायत ओ मॅडम," प्रकाश म्हणाला. "कुणीतरी येड्यासारखी कानस मारलीय. घासून एकदम आरसा करतो."

"ते ओरखडे घासायचे नाहीत. कडीलाही हात लावू नकोस. ज्यांचा हार आहे त्यांना सांग, मस्कतहून मॅडम येऊन बघणार आहेत."

"काय झालं? चोरीचा हाय काय?"

"नाही रे बाबा. अमेरिकन आहे, असं वाटतंय."

जुनं नाणं घासायचं नसतं, ही आमच्या धंद्यातली पहिली ओळ. घरी आपण पितळी समई चिंचेने घासतो, तशी लोक नाणी घासतात आणि खूश होतात. पण घासताना नाण्याचा वरचा पापुद्रा जातो. बारीक केस, ताऱ्यांचे कोपरे, सगळं गुळगुळीत होतं. सोनं तेवढंच राहतं, नाणं मात्र मरतं.

सतीशभाईंनी फोटो पाहिला. त्यांच्या चार पिढ्या मस्कतमध्ये गेल्यात. घरात कच्छी, बाजारात अरबी आणि माझ्याशी हिंदी.

"ज्युडिथबेन, ये अपने डॉक्टरवाला आयटम है क्या?"

"तसाच दिसतो."

"तो पहले हम ले लेते हैं. सोने के भाव में. बाद में डॉक्टर को दे देंगे."

"सतीशभाई, ती बाई मला नाणं तपासायला देणार. मी तिला सोन्याचा भाव सांगून तेच विकत घ्यायचं? उद्या माझ्या सहीला कोण विचारेल?"

"आप वैल्युअर हो, सरपंच नहीं," ते म्हणाले आणि चहा संपवायला आत गेले. तरी तासाभराने त्यांनीच डॉक्टरांना फोन लावून दिला.

डॉक्टर म्हणजे डॉक्टर हिलाल. आमचे जुने क्लायंट. मूळचे ओमानचेच, डोळ्यांचे सर्जन, आता निवृत्त. मस्कतच्या कुरुम भागात मोठं घर, उंची सहा फूट, पांढरी दाढी. तरुणपणी पुण्यात शिकले आणि तिथे एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहिले. मराठी त्या मावशींकडूनच शिकले. मावशी जशा बोलायच्या तसंच डॉक्टर बोलतात. त्यामुळे एवढा दांडगा माणूस कमरेला हात लावून म्हणतो, "मी येते गं उद्या." त्यांना कुणी सुधारलं नाही. मीही नाही. माझ्या मुलांना धड मराठी वाक्य जुळवता येत नाही, मग मी कुठल्या तोंडाने सुधारू?

पुण्यानंतर ते पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेले. तिथे एका संग्रहालयात त्यांनी पहिल्यांदा सुरुवातीच्या काळातलं अमेरिकन सोन्याचं नाणं पाहिलं आणि मोठ्याने हसले. पहारेकरी जवळ आला. नाण्यावरची जी स्वातंत्र्याची देवी, तिच्या डोक्यावरची टोपी त्यांना हुबेहूब आपल्या मुसरसारखी वाटली. मुसर म्हणजे ओमानी पुरुष डोक्याला बांधतात तो रंगीत रुमाल. गंमत म्हणजे अमेरिकेतले संग्राहकही त्या नाण्याला 'टर्बन हेड' म्हणतात, पगडीवालं डोकं. तेव्हापासून डॉक्टर ही नाणी जमवतात. मिळतात फार कमी. कारण तिथल्या सरकारने १८३४ मध्ये नाण्यातलं सोनं कमी केलं. आधीच्या जड नाण्यांत सोनंच जास्त मोलाचं होतं, म्हणून लोकांनी ती वितळवून टाकली. जी उरली, ती जगभर विखुरली.

"सूरला?" डॉक्टर फोनवर म्हणाले. "सूरला टर्बन हेड? मी आत्ता निघते."

"आत्ता नाही, डॉक्टर. उद्या सकाळी. त्यांना विचारून."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या लँड क्रूझरमधून निघालो. ते स्वतः चालवत होते. एका बाजूला उघडे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. कुरियात गाव मागे पडेपर्यंत ते नुसते बोलत होते. मग त्यांनी गाडीचा वेग जरा कमी केला.

"ज्युडिथ, एक विचारते. नाणं खरं निघालं तर तू आधी कुणाला सांगणार?"

"सगळ्यांना एकदमच. तुमच्या देखत त्यांना, त्यांच्या देखत तुम्हाला."

"मला जरा आधी नाही?"

"नाही."

"मी तुमची जुनी क्लायंट आहे."

"म्हणून तर हे आता गाडीतच सांगते आहे. तिथे जाऊन तुमची पंचाईत व्हायला नको."

डॉक्टरांनी ओठ घट्ट मिटले. मी खिडकीतून समुद्र पाहत बसले आणि मनात सतीशभाईंना काय सांगायचं ते जुळवत राहिले. एवढा मोठा क्लायंट हातचा गेला तर ते मला पगार देतील, पण बोलणार नाहीत. तिवी गावाजवळ डॉक्टर अचानक हसले.

"मावशी अशीच होती. भाडेकरू कोण, भाचा कोण, काही फरक नाही. उशीर झाला की पोहे संपले."

मी सतीशभाईंसाठी जुळवलेली वाक्यं सोडून दिली.

घर समुद्राच्या बाजूला, जुन्या होड्यांच्या कारखान्यांपासून फार लांब नव्हतं. दारात नासिर उभा होता, घरचा मुलगा. आत त्याची आई, उम्म नासिर. म्हणजे नासिरची आई, तिकडे बायकांना असंच थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. वय सत्तरीच्या पुढचं. पाठ ताठ. तिच्या शेजारी नात मैथा बसली होती. तिचंच लग्न होतं. मैथा शाळेत विज्ञान शिकवते, इंग्रजी छान बोलते. प्रकाशही दुकानातून हार घेऊन आला होता आणि दाराजवळ अवघडून बसला होता.

कॉफी झाली, खजूर झाले, हलवा झाला. त्याआधी कामाचं बोलायचं नसतं. मग मी नासिरला अरबीत म्हणाले, "माझी गन गाडीत राहिली, घेऊन येते."

नासिरचा चेहरा बदलला. डॉक्टरांनी हसत हसत समजावलं. आमच्या तपासणीच्या यंत्राला आम्ही ऑफिसात 'गन' म्हणतो. दिसायला हेअर ड्रायरसारखं. सोन्यावर टेकवून बटण दाबलं की एक्स-रे जातात आणि पडद्यावर धातूंची टक्केवारी येते. ओरखडा नाही, ॲसिड नाही.

मी मांडीवर मऊ कापड पसरलं आणि हार त्यावर ठेवला.

पहिली शंका मलाच होती. हारासाठी म्हणून बनवलेली नकली नाणी आखातात ढिगाने मिळतात. तीही सोन्याचीच असतात, हे लोकांना कळत नाही. सोनं खरं आणि नाणं खोटं, असं होऊ शकतं. वजन करून उपयोग नव्हता, कारण कडी जोडलेली होती. म्हणून गन लावली. आकडा आला तो आपल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर असतो तोच, ९१६च्या आसपास. म्हणजे बावीस कॅरेट. हे चांगलं लक्षण होतं. १८३४ नंतरची अमेरिकन नाणी यापेक्षा हलक्या सोन्याची असतात. नकली करणारे पुष्कळदा तीच वितळवून त्यावर जुनं साल ठोकतात आणि तिथेच पकडले जातात. शिवाय उरलेल्या धातूत तांब्याबरोबर चांदीही होती. जुन्या टांकसाळीत तशी असायची.

पण आकड्यावर मी सही करत नाही. मी लूप काढलं. लूप म्हणजे डोळ्याला लावायचं छोटं भिंग. आणि प्रकाशचे ते 'येड्यासारखे ओरखडे' पाहायला लागले.

त्या काळी टांकसाळीत सोन्याची चकती कापली की प्रत्येक तोलून बघायचे. जड भरली तर कानस मारून वजन कमी करायचे आणि मग ठसा ठोकायचे. म्हणजे खऱ्या नाण्यावर ओरखडे आधीचे, चित्र नंतरचं. कुणी नंतर कानस मारली असेल तर ओरखडे चित्राच्या वरून जातात. मी नाणं खिडकीकडे तिरकं धरलं. रेघा ताऱ्यांपर्यंत येत होत्या आणि ताऱ्यांखाली दबून नाहीशा होत होत्या. पलीकडून पुन्हा निघत होत्या. मी ते दोनदा पाहिलं. मग लूप प्रकाशला दिलं.

त्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आयला, काल मी ह्येच घासाय निघालो होतो."

डॉक्टर पुढे सरकून बसले होते. पण दोन्ही हात त्यांनी गुडघ्यांवर घट्ट धरले होते. माझा फोन वाजायला लागला. सतीशभाई. मी तो उलटा करून ठेवला.

"हे नाणं खरं आहे," मी म्हणाले. आधी अरबीत, मग मैथाला नीट कळावं म्हणून इंग्रजीत. "अमेरिकेचं. दोनशे वर्षांहून जुनं. अशी फार थोडी उरली आहेत. हारातल्या बाकी सगळ्या सोन्यापेक्षा या एका नाण्याचं मोल जास्त आहे, खूपच जास्त. आणि हे डॉक्टर अशी नाणी जमवतात. त्यांना ते हवं आहे. पण विकायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. दुसरीकडे दाखवायचं असेल तर जरूर दाखवा."

नासिर आईकडे बघायला लागला. मैथा पटकन म्हणाली, "आजी, विकून टाकू. हार इतका जड आहे की माझी मान मोडेल."

उम्म नासिर आवाजाकडे वळली. तिने हात पुढे केला. मी हार तिच्या हातात दिला. तिने नाण्याकडे पाहिलंच नाही. अंगठ्याने चेहरा चाचपला, एखाद्या मुलाचा गाल चाचपावा तसा.

"ही बीबी," ती म्हणाली. "माझ्या आजीबरोबर झांझिबारहून आली. तिथे अमेरिकन जहाजं यायची. आमच्या घरात लग्न झालं की हिला घालायचं. माझी आजी, माझी आई, मी, माझ्या मुली. आम्ही हिला बीबीच म्हणतो."

"अमेरिकेत तिला लिबर्टी म्हणतात," डॉक्टर हळूच म्हणाले. "म्हणजे स्वातंत्र्य."

"किंमत लिहिली आहे का हिच्यावर?" उम्म नासिरने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. खरंच नसते. हे पाच डॉलरचं नाणं, पण त्या काळी त्यावर 'पाच' असं कुठेच छापत नसत. वजन करून घ्यायचे.

"चांगलं केलं," उम्म नासिर म्हणाली. "बाईच्या अंगावर किंमत लिहू नये."

मग ती एकदम डॉक्टरांकडे वळली. "तू कसला डॉक्टर?"

"डोळ्यांचा."

"मग बीबी राहू दे. माझे डोळे बघ."

डॉक्टर उठून तिच्यासमोर बसले. मोबाइलचा उजेड लावला, माझं लूप घेतलं, एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला. नाणी बघताना ते लहान मुलासारखे होतात. आता ते अगदी शांत होते. मी त्यांना डॉक्टर म्हणून पहिल्यांदाच बघत होते.

"दोन्हीकडे मोतीबिंदू. पिकलाय. किती वर्षं झाली?"

नासिरनेच सांगितलं. आई ऑपरेशनला तयार होत नव्हती. तिच्या एका मैत्रिणीचा डोळा फार पूर्वी बिघडला होता, तेव्हापासून भीती बसली. आता तिला माणसं आवाजावरून कळत होती. स्वयंपाक हाताच्या अंदाजाने. मैथाचा लग्नाचा पोशाख तिने नुसता हाताने पाहिला होता.

"म्हणजे तुम्हाला ही बीबी दिसत नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला ती पाठ आहे."

डॉक्टरांनी हार उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "मला आज हे विकत घ्यायचं नाही," ते अरबीत म्हणाले. मी चमकून पाहिलं. "जी वस्तू दिसतच नाही, ती विकायची की नाही हे तुम्ही कसं ठरवणार? माझा एक विद्यार्थी मस्कतला ऑपरेशन करतो. माझ्यापेक्षा त्याचा हात चांगला आहे. मी शेजारी उभा राहीन. डोळे आले की बीबीला बघा, नातीला बघा. मग मला हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

मैथाने आजीचा हात धरला.

"दुखतं का?" उम्म नासिरने विचारलं.

"या हाराइतकं जड नाही," डॉक्टर म्हणाले.

ती हसली. "इन्शाल्ला," म्हणाली. तिकडे याचा अर्थ 'नाही'सुद्धा होतो, म्हणून नासिरने दोनदा विचारून घेतलं.

परतताना मी सतीशभाईंना फोन केला.

"मिला?"

"खरं आहे."

"लिया?"

"नाही. डॉक्टर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवून देणार आहेत."

पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. "ज्युडिथबेन," ते म्हणाले, "आप लोग कॉइन देखने गये थे ना?"

ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, मग थोड्या आठवड्यांनी दुसरा. डॉक्टर दोन्ही वेळा विद्यार्थ्याशेजारी उभे होते. आणि दुसऱ्या डोळ्याची तपासणी झाली त्या दिवशी सूरला परत जायच्या आधी उम्म नासिर सगळ्यांना घेऊन आमच्या ऑफिसात आली. गडद चष्मा, ताठ पाठ, हातात मखमली पिशवी. सतीशभाई स्वतः उठून खुर्ची घेऊन आले. डॉक्टर आधीच येऊन बसले होते. हो-नाही ते काहीही ऐकायला तयार आहेत असं म्हणत होते, पण समोरचा चहा त्यांनी थंड होऊ दिला होता.

मी टेबलावर कापड पसरलं, दिवा लावला, लूप कसं धरायचं ते तिला दाखवलं. तिने चष्मा काढला. नाणं दिव्याखाली धरलं. जवळ आणलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं.

"ही कोण?" ती म्हणाली.

"बीबी," मैथा म्हणाली.

"ही?"

"हो, आजी."

"हिला तर हनुवटीखाली आणखी एक हनुवटी आहे."

मी खाली बघितलं. सतीशभाईंना खोकला आला.

"आणि नाक बघ. एवढं नाक तर आमच्या शेजारच्या नाखव्यालाही नाही." तिने नाणं फिरवलं. मागे गरुड होता. "ही कोंबडी का?"

"गरुड आहे," डॉक्टर दुखावल्या आवाजात म्हणाले.

तिने नाण्याची चेहऱ्याची बाजू पुन्हा वर केली. या वेळी जास्त वेळ पाहिलं. मग लूप खाली ठेवलं आणि नाण्यावर बोट ठेवून बसली.

"मी लहान होते तेव्हा ही आजीच्या गळ्यात बघितली होती," ती सावकाश म्हणाली. "चंद्रासारखी वाटायची. इतकी वर्षं मी म्हणत होते, बीबी चंद्रासारखी आहे." ती थोडी थांबली. "ती तर आजी होती."

मैथाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो थोपटला आणि चष्मा परत घातला.

"आजी मला आठवते. ही डॉक्टरला देऊ या."

डॉक्टर उभेच राहिले. पण आता मैथा उसळली. "नाही! माझ्या लग्नात मी ही घालणार आहे."

"तुझी मान मोडणार होती ना?"

"मोडू दे."

मग खरी घासाघीस सुरू झाली. मी मूल्याचा कागद डॉक्टर आणि उम्म नासिर, दोघांच्या हातात एकेक दिला होता. त्या आकड्यावर कुणीच वाद घातला नाही. वाद बाकीच्या अटींवर झाला आणि त्या सगळ्या उम्म नासिरच्या होत्या. लग्न होईपर्यंत बीबी हारातच राहील. त्यानंतर डॉक्टरांनी न्यायची, पण हारात भोक ठेवायचं नाही, तिच्या जागी दुसरं नाणं आणून द्यायचं. आणि डॉक्टरांनी अधूनमधून सूरला येऊन तिच्या शेजारणींचे डोळे तपासायचे. त्याही घाबरतात, त्यांनाही कुणीतरी समजवायला हवं.

"मी निवृत्त आहे," डॉक्टर म्हणाले.

"मीही आहे," उम्म नासिर म्हणाली. "तरी घरात सगळे मलाच विचारतात."

डॉक्टर माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "काय करू गं? फसले मी."

"फसलात," मी म्हणाले. त्यांनी लगेच सही केली.

लग्नाला मला बोलावलं होतं. बायकांचा मांडव वेगळा असतो, त्यामुळे डॉक्टरांना आत येता येत नव्हतं. ते पुरुषांच्या बाजूला बसून मला मेसेज करत होते, "नाणं ठीक आहे का?" मी उत्तर पाठवलं, "नवरी ठीक आहे." मैथाच्या हिरव्या पोशाखावर तो हार चांगला दिसत होता. उम्म नासिर पहिल्या रांगेत होती आणि नातीकडे टक लावून बघत होती. हाराकडे तिचं लक्ष नव्हतं. जवळच्या बायकांना ती सारखी सांगत होती, "मेंदी बघितलीस? एकेक पान दिसतंय."

बदली नाण्याचं काम लांबलं. डॉक्टरांनी आधी इंग्लंडच्या जुन्या राणीचं नाणं नेलं. "हीही जाडच आहे," उम्म नासिर म्हणाली. मग आणखी कुठल्या राजाचं नेलं. "दाढी नको." शेवटी तिने ओमानचंच नाणं पसंत केलं, वर खंजीर आणि तलवारी. त्यात चेहरा नव्हता. प्रकाशने त्याला कडी लावली आणि यावेळी कुठल्या कॅरेटचा डाख द्यायचा ते न विचारता दिला.

बीबी अमेरिकेला तपासणीला जाऊन आली. तिथल्या तज्ज्ञांनी खरी म्हणून शिक्कामोर्तब केलं. पण कडी काढल्याचा डाग काठावर राहिला, म्हणून नाण्याला गुण दिले नाहीत. संग्राहकांच्या जगात नाण्याला शाळेसारखे गुण मिळतात, आणि डाखाचा डाग असला की मिळत नाहीत. मला वाटलं डॉक्टर खट्टू होतील. त्यांनी डबी उघडून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "ऑपरेशनचा टाका दिसतोय. चालेल. पेशंट बरी आहे." आता ते सूरला नियमाने जातात. शेजारणींपैकी बऱ्याच जणींची ऑपरेशनं झाली. परत येताना गाडीत मासे असतात.

सतीशभाईंचंही वाईट झालं नाही. सूरमध्ये बातमी पसरली आणि पुढचे कित्येक महिने तिकडच्या बायका आपापले हार घेऊन रुवीला येत राहिल्या. प्रत्येकीची बीबी अमेरिकन होती. मी गन लावून, लूप लावून सांगायचे की हे हारासाठी केलेलं आहे, सोनं मात्र चांगलं आहे. एकही अमेरिकन निघालं नाही. पण तपासणीची फी प्रत्येकीने दिली, आणि सतीशभाई हल्ली मला सरपंच म्हणत नाहीत.

मी एक गोष्ट मात्र तेव्हापासून बदलली. कुणी म्हाताऱ्या माणसाने घरची वस्तू आणली की मोल सांगण्याआधी ती त्यांच्या हातात देते, दिवा लावते आणि विचारते, "नीट दिसतंय ना?" निम्मे लोक म्हणतात, नाही. त्यांना मी आधी डॉक्टरांचा नंबर देते.